दुसऱ्यांच्या गल्लीतून होडीने जाताना



कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? धरणातून आलेला पाट, पाळीचं पाणी, काठावर धुणं आपटणाऱ्या बाया आणि पाणी शेवटच्या चारीपर्यंत कधी पोचतंय याची वाट बघणारे शेतकरी. त्या कालव्यात कोणी होडी घालत नाही आणि घालूही नये. त्याच्या भिंती उतरत्या आणि गुळगुळीत असतात. पाणी सुटलं की ओढ जबर असते, आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही.

पण आज ज्या कालव्यांबद्दल बोलायचंय ते वेगळे आहेत. केरळात आलप्पुळा जिल्ह्याच्या आजूबाजूला कुट्टनाड नावाचा भाग आहे. तिथे कालवा म्हणजेच रस्ता. शाळेची मुलं, गॅसची टाकी, भाताची पोती, नवरी मुलगी, आजारी माणूस, सगळं होडीतून जातं. आपल्याकडच्या बचत गटांचे अभ्यासदौरे केरळला जातात. १९९८ साली सुरू झालेलं तिथलं कुटुंबश्रीचं काम बघायचं असतं. दौऱ्यात एक दिवस मोकळा मिळाला की सगळ्याजणी म्हणतात, होडीत बसू या. आम्हीही बसलो. पुढे जाणाऱ्या गटांना उपयोग व्हावा म्हणून हे सांगतोय.

आधी तो मुलूख समजून घेऊ. कुट्टनाडमधली बरीच शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, कुठे एक मीटर तर कुठे दोन-अडीच मीटर. म्हणजे शेत खाली आणि कालव्याचं पाणी वर. मधे मातीचा बांध. बांध घालून, आतलं पाणी पंपाने उपसून तिथे भात लावतात. जगात अशी शेती फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने तिला जागतिक वारसा शेती म्हणून मान दिला. घरं त्याच बांधांवर असतात. पुढच्या दारात कालवा, मागच्या दारात भाताचं शेत. बांध फुटला तर पीकही जातं आणि घरही. २०१८ च्या ऑगस्टमधल्या महापुरात इथल्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच कळेल. चहूकडे पाणी असूनही प्यायच्या पाण्याची तिथे टंचाई असते. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. ते अडवायला तण्णीरमुक्कम इथे मोठा बंधारा बांधलाय. त्याची दारं लावली की भात वाचतो, पण आतलं पाणी साचून राहतं आणि जलपर्णी माजते. त्यात शेतातली औषधं आणि पर्यटकांची घाण. काही वस्त्यांना प्यायचं पाणी होडीने आणून द्यावं लागतं. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता होडीकडे येऊ. तिथे तीन प्रकार दिसतात. एक, मोठी हाउसबोट. ही मूळची भात वाहून नेणारी होडी. तिच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. ती रुंद पाण्यात फिरते, लहान कालव्यात शिरत नाही. दोन, छपराची लहान होडी, तिला शिकारा म्हणतात. कुणाला मोटर असते, कुणी वल्ह्यावर चालतात. वस्तीतले अरुंद कालवे बघायचे तर हीच. तीन, सरकारी जल परिवहन खात्याची प्रवासी बोट. ही पाण्यावरची एस.टी. समजा. आलप्पुळाच्या धक्क्यावरून ती गावोगाव जाते, तिकीट अगदी थोडं असतं. ज्या गटाचं बजेट तंग आहे त्यांनी या बोटीने एक फेरी मारली तरी कुट्टनाड बघून होतो. फक्त शाळा-ऑफिसची वेळ टाळा, तेव्हा जागा तिथल्या लोकांना लागते.

लहान होडी ठरवताना चार गोष्टी बसण्याआधी विचारायच्या. भाडं तासाचं की फेरीचं? माणशी की पूर्ण होडीचं? होडीचा नोंदणी क्रमांक कुठे लिहिलाय? आणि किती माणसं बसवायची परवानगी आहे? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आम्ही सोळाजणी होतो. धक्क्यावरचा एक माणूस म्हणाला, बसा सगळ्या, काही होत नाही. होडीवर दहाचा आकडा लिहिलेला होता. दोन होड्या घ्यायच्या तर खर्च वाढणार, म्हणून आमच्यात बरीच चर्चा झाली. कोणी म्हणे, एवढ्याशा पाण्यात काय होतंय. शेवटी दोन होड्या घेतल्या. वाढीव पैसे माणशी वाटले तेव्हा ते एका जेवणाइतकेसुद्धा भरले नाहीत.

हा आकडा हलक्यात घेऊ नका. केरळातच ३० सप्टेंबर २००९ ला तेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. ७ मे २०२३ ला तानूरला बोट उलटून २२ जण बुडाले, त्यात लहान मुलं बरीच होती. तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. बोट उलटायला वादळच लागतं असं नाही. जास्त माणसं झाली की होडी खाली दबते, आणि मग सगळे फोटो काढायला एकाच बाजूला सरकले तरी ती कलंडते.

म्हणून चढतानाच शिस्त ठेवायची. एका वेळी एकीनेच चढायचं. पाय काठावर न देता होडीच्या मधोमध द्यायचा, आणि लगेच खाली बसायचं. वजनाने जड बाया दोन्ही बाजूंना वाटून बसवा, यात लाजण्यासारखं काही नाही. लाइफ जॅकेट पायाशी ठेवू नका, घाला आणि पट्टेही लावा. साडीवरून ते नीट बसतं, फक्त पदर आत खोचून घ्यायचा. मोटर मागे असते, तिकडे पदर, ओढणी किंवा वेणी जाऊ देऊ नका. हात बाहेर काढायचा नाही, कारण अरुंद कालव्यात समोरून दुसरी होडी घासून जाते. वाटेत बुटके पूल लागतात, नावाडी सांगेल तेव्हा डोकं खाली घ्यायचं. बोटीत कुणाला पोहता येतं, कुणाला येत नाही, हे निघण्याआधीच एकमेकींना सांगून ठेवा.

बायकांच्या सोयीची एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती आम्ही सांगतो. लहान होडीत संडास-बाथरूम नसतं. दोन-तीन तासांची फेरी असेल तर धक्क्यावरच जाऊन या, आणि वाटेत कुठे थांबता येईल ते नावाड्याला आधीच विचारा. केवळ या भीतीने पाणी न पिता बसू नका, तिथला दमटपणा माणसाला थकवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि वेळ सकाळची. अंधार पडायच्या आत धक्क्याला परत यायचं.

आता शेवटचं, पण आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलेलं. तो कालवा म्हणजे कुणाच्या तरी घराचं अंगण आहे. पायऱ्यांवर बाया भांडी घासत असतात, धुणं धुतात, आंघोळ करतात. दिवसभर अनोळखी होड्या त्यांच्यासमोरून जातात आणि मोबाइल त्यांच्याकडे रोखले जातात. आपल्या नळावर किंवा न्हाणीपाशी कोणी असा फोटो काढला तर आपल्याला चालेल का? फोटो घ्यायचा तर हाताने खूण करून विचारा, नको म्हणाल्या तर मोबाइल खाली. वयाने मोठ्या बाईला तिकडे चेची म्हणतात, म्हणजे ताई. एवढा एक शब्द आणि हसू पुरतं.

नावाड्याला सांगा, चेट्टा, हळू घ्या. चेट्टा म्हणजे दादा. वेगाने गेलं की लाटा बांधावर आपटतात आणि माती सुटते. त्याच बांधावर त्यांचं घर आणि शेत उभं आहे, हे आपण वर पाहिलंच. चिवड्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून परत आणा. आणि काथ्याच्या वस्तू, केळ्याचे वेफर्स घ्यायचे तर कुटुंबश्रीच्या बायांकडून घ्या, पैसा गटाकडे जाईल.

असंच काम आपल्याही राज्यात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. खाडीकाठच्या, धरणाकाठच्या गटांनी तिथे जाऊन हिशोब विचारावा, तसंच परवानगी, जॅकेट आणि विम्याचंही विचारावं.

पुढच्या मासिक बैठकीत दौऱ्याचा विषय निघाला तर एवढं ठरवून लिहून ठेवा: होडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही बाई जास्त बसणार नाही, आणि जादा होडीचे पैसे दौऱ्याच्या खर्चात आधीच धरायचे. पैसे बाजूला ठेवलेले असले की धक्क्यावर नाही म्हणायला धीर लागत नाही.