मुलांसंगे सीमोल्लंघन

भाद्रपदातल्या शेवटच्या सरी ओसरतात, आकाश धुऊन काढल्यासारखे निवळते, माळावर तरवडाची पिवळी फुले दिसू लागतात. आणि त्याच सुमारास चिटगुप्प्याच्या घराघरांतून एक प्रश्न डोके वर काढतो. ‘आता ही मुले दिवसभर करणार तरी काय?’ कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी मिळते ती दसऱ्याची. सीमेपलीकडे, उदगीर-लातूर-सोलापूरकडे ती मिळते दिवाळीची. त्यामुळे आपली मुले मोकळी असतात तेव्हा त्यांची मामेभावंडे, आतेभावंडे शाळेत बसलेली असतात. आणि ती पाहुणी म्हणून येतात तेव्हा आपल्या मुलांची शाळा पुन्हा सुरू झालेली असते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, हुमणाबाद, भालकी, औराद इकडे राहिले. त्या रेषेने नाती तुटली नाहीत. पण सुट्ट्या मात्र वेगळ्या झाल्या.

अशा रिकाम्या दिवसांवर आज सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुलाच्या हाती मोबाईल देणे. त्याने घरात शांतता नांदते हे खरे. परंतु आपल्यासारख्या सीमाभागातील मराठी कुटुंबांना त्या शांततेची किंमत जरा अधिक मोजावी लागते. आपली मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, गल्लीत दखनीही सहज बोलतात. ही श्रीमंतीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. मात्र मराठी त्यांना मिळते ती केवळ घरात. आणि घरातली मराठी हळूहळू ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढ्या आज्ञांपुरती उरते. भाषा वस्तूंच्या सहवासात वाढते. ज्याने ओंबी पाहिली नाही त्याला ओंबी हा शब्द लागत नाही. ज्याला चांदण्यात बसवले नाही त्याला टिपूर हे विशेषण कशाला हवे? म्हणून शरदातील लहानशी सहल ही आपल्यासाठी करमणुकीच्या पलीकडची गोष्ट आहे.

या कामी आपल्याला एक जुना मार्गदर्शक घरबसल्या लाभला आहे. बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचे कल्याण, आपल्या शेजारचेच. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात प्रत्येकी वीस प्रकरणांचे पाच भाग आहेत, आणि त्यांतील एक संपूर्ण भाग क्रीडांना दिलेला आहे. राज्यकारभार, गजशास्त्र, पाकशास्त्र यांच्या पंक्तीला या राजाने खेळांना बसवले! मुलांना न शोभणाऱ्या काही क्रीडा वगळल्या, तरी वनक्रीडा, शाद्वलक्रीडा म्हणजे हिरवळीवरचा खेळ, सस्यक्रीडा म्हणजे पिकातला, ज्योत्स्नाक्रीडा म्हणजे चांदण्यातला, प्रहेलिका म्हणजे कोडी आणि वराटिका म्हणजे कवड्या, एवढी शिदोरी उरतेच. मराठी वाचकांना या ग्रंथाविषयी आणखी एका कारणाने जिव्हाळा वाटावा: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. आपल्या ओवीचा इतका जुना उल्लेख आपल्या अंगणाशेजारी लिहिला गेला, हे मुलांना अवश्य सांगावे.

शमी आणि आपटा

आरंभ दसऱ्यापासूनच करावा. सीमोल्लंघन हा शब्द आपण दरवर्षी उच्चारतो, पण मुलांना वेशीबाहेर प्रत्यक्ष किती नेतो? दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांना माळाच्या वाटेने न्यावे आणि दोन झाडांची ओळख करून द्यावी. आपट्याचे पान दोन दळे जोडल्यासारखे असते. शमीची पाने बारीक, पिसासारखी, आणि फांदीला काटे. बाजारात आपट्याच्या नावावर पुष्कळदा कांचनाची मोठी पाने विकली जातात; दोन्ही शेजारी ठेवून मुलांना फरक ओळखू द्यावा. आपण आपटा देऊन ‘सोने घ्या’ म्हणतो, कन्नड शेजारी शमीला बन्नी म्हणतात आणि तीच पाने सोने म्हणून देतात. एकाच गल्लीत दोन्ही सोनी हातोहाती फिरतात. पांडवांच्या शस्त्रांची कथा शमीपाशी आणि रघुराजा व कौत्साची कथा आपट्यापाशी सांगितली, की झाड मुलाच्या कायमचे लक्षात राहते. फांद्या ओरबाडू नयेत; सोने एका पानाचेही होते, हा संस्कारही त्यातच होऊन जातो.

पिकातला खेळ

आश्विनात आपल्याकडील शेत म्हणजे उघडे पुस्तक असते. मूग-उडीद निघालेले, सोयाबीनची काढणी चाललेली, तूर फुलोऱ्याच्या तयारीत आणि रब्बी ज्वारीसाठी तिफण जुंपलेली किंवा ट्रॅक्टर लागलेला. ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून दोन तास बांधावर घालवावेत. त्याच्याच हाताने तुरीचे एखादे रोप मुळासकट उपटवून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवाव्यात. त्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणूनच कडधान्याने रान सुधारते, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ती डाळ आपल्या ताटात कोठून येते हे मुलांनी पाहिलेले असावे. प्रत्येक पिकाची दोन नावे विचारण्याचा खेळ बांधावर फार रंगतो: तूर म्हणजे तोगरी, ज्वारी म्हणजे जोळ, हरभरा म्हणजे कडले. कन्नड नाव मुलाला ठाऊक असते, मराठी आजी सांगते. आणि आजीचे अडले तर नातू सांगतो. दोघांच्याही पदरी काहीतरी पडते.

पाखरांचीही हीच वेळ. शेपटी वरखाली हलवीत धावणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन पाणवठ्यांवर दिसू लागतो. तो प्रथम कोणाला दिसला त्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी तीच तारीख पडताळून पाहावी.

चांदण्यातला खेळ

आश्विन पौर्णिमा आपली कोजागरी, तीच उत्तर कर्नाटकाची शीगी हुण्णिमे. त्या दिवशी शेतकरी कुटुंबे उभ्या पिकाची पूजा करून शेतातच जेवतात. कोणा शेजाऱ्याने बोलावले, तर मुलांना घेऊन अवश्य जावे. सस्यक्रीडा आणि ज्योत्स्नाक्रीडा एकाच दिवशी साधतात. रात्री गच्चीवर दूध आटवताना दिवे मालवावेत आणि चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवण्याची, अक्षर वाचण्याची पैज लावावी. कवड्यांचा डाव, उखाणे आणि कोडी यांना याहून चांगली बैठक नाही. ज्या घरात हादगा-भोंडल्याची गाणी कोणाला येत असतील, त्यांनी ती येथे म्हणावीत. एका पिढीने ती गिळून टाकली, की पुढची पिढी ती आणणार कोठून?

एका दिवसाच्या सहली

जवळची सहल हुमणाबादकडची. तेथून जलसंगीचे कल्मेश्वर मंदिर गाठता येते. चालुक्यकालीन या मंदिराच्या बाह्य भिंतीवर एक स्त्री शिलालेख लिहीत उभी आहे, आणि तिने कोरलेल्या ओळी विक्रमादित्य सहाव्याची स्तुती करतात. भिंतीवरच्या शेकडो मूर्तींत ‘लिहिणारी बाई शोधा’ एवढे सांगितले, की मुले अर्धा तास मंदिराभोवती फिरत राहतात. आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला बाईच्या हाती लेखणी शोभून दिसली, ही गोष्ट मुलींना आपोआप पोहोचते. परतताना माणिकनगरला थांबावे. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) पदे रचली ती मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्थानीतही. आपल्या मुलांच्या जिभेवर ज्या भाषा नांदतात, त्या एका संताच्या मुखी आधीच नांदून गेल्या आहेत.

दुसरी सहल बीदरची. तिला पुरा दिवस हवा. मुलांना तेथे नेण्याआधी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगावी. दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना उघडून दिली, आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बीदरच्या दरबारात धान्याचे मोल भरून गेला, अशी ती भक्तिकथा. मग किल्ला हा नुसता पडका चिरेबंदी राहत नाही. ‘विठू कोणत्या दाराने आला असेल?’ असे प्रश्न सुरू होतात. जांभ्यात खोदलेला तिहेरी खंदक, सोळा खांब मशीद, शिंपल्यांच्या जडावाचा रंगीन महाल आणि जुन्या शाही हमामातील संग्रहालय, एवढे पाहिले की लहान पायांना पुरे होते. गावात महमूद गावानचा १४७२चा मदरसा आहे. त्याच्या मनोऱ्यावरील रंगीत फरशांतून कोणते रंग उरले ते मुलांना मोजू द्यावे.

पण बीदरचा खरा चमत्कार बिदरीच्या कारखान्यात दिसतो. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात; मग किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने भांडे काळेभोर होते, आणि चांदी मात्र तशीच उजळ राहते. तो क्षण पाहताना मुले श्वास रोखून धरतात. येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही सांगावे: हाताच्या कामाला मान असतो, हे मुलांनी याच वयात ऐकायला हवे.

थोडी सावधगिरी

शरदाचे ऊन फसवे असते. सकाळी लवकर निघून दहा-अकराच्या आत उघड्यावरचे पाहणे उरकावे, दुपार सावलीत काढावी, पाणी घरूनच न्यावे. पावसानंतर किल्ल्यातील गवत वाढलेले असते. त्यात साप-विंचवाचे भय असते, म्हणून मळलेली वाट सोडू नये. तटाला सगळीकडे कठडा नाही, आणि नौबादजवळील भुयारी कालव्याची जुनी विवरे खोल आहेत. तेथे मुलाचा हात आपल्या हातातच हवा. झरणी नरसिंहाच्या गुहेत मोठ्यांच्या छातीपर्यंत पाण्यातून जावे लागते. अगदी लहानग्यांना घेऊन तो हट्ट धरू नये. आणि एका दिवशी दोनच ठिकाणे पाहावीत. थकलेल्या मुलाला ताजमहालही दाखवला, तरी त्याला घरच आठवते.

सहल संपली, तरी काम थोडे उरते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना या वर्षी बीदरचा खंदक खोदून पाहू द्यावा. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला आपण सगळे भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन शेतात जाणारच आहोत. शरदात पाहिलेली तूर तोवर शेंगांनी लगडलेली असेल, पेरलेली ज्वारी कमरेला आली असेल. त्या दिवशी मुलांना काही शिकवू नये. त्यांनाच पुढे चालू द्यावे आणि सीमेपलीकडून आलेल्या भावंडांना बांधावरचे एकेक नाव सांगू द्यावे, मराठीतले आणि कन्नडातलेही.