डायलिसिस चालू आहे, मग गोळ्या कशाला?

नेरूळमध्ये डी. वाय. पाटील रुग्णालयासारखी डायलिसिसची सोय घराजवळ आहे, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. खुर्ची मिळते, शिफ्ट ठरते आणि घरच्यांना हायसं वाटतं. मग गोळ्यांचा डबा बघून कोणीतरी म्हणतंच, ‘मशीन रक्त साफ करतंय ना, मग एवढ्या गोळ्या कशाला?’

साधा हिशेब मांडू. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास राबते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसलं तरी मशीनचे होतात १२. शिवाय रक्त तयार व्हायला लागणारं एरिथ्रोपोएटिन किडनी बनवते, ते मशीनला जमत नाही. म्हणून हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन आणि लोह द्यावं लागतं.

सर्वांत जास्त घोळ फॉस्फरसच्या गोळीचा. सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम ॲसिटेट ‘जेवणानंतर’च्या कप्प्यात जाते आणि जेवून तासाभराने, टीव्हीसमोर, पाण्याबरोबर घेतली जाते. तेव्हा तिचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. ती रक्तात जाऊन काम करत नाही. आतड्यात अन्नातलाच फॉस्फरस धरून ठेवते. म्हणून ती घासाबरोबरच हवी. गोळी ताटाशेजारी ठेवा, डब्यात नको. जेवण चुकलं तर तेवढ्यापुरती गोळीही नको. फॉस्फरस साठत गेला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. मशीन फॉस्फरस फारसा काढू शकत नाही, त्यामुळे ही गोळी टाळून चालत नाही.

बीपीच्या गोळीबद्दल दोन टोकं दिसतात. कोणी डायलिसिसच्या दिवशी सगळ्या बंद करतं, कोणी सगळ्या घेऊन येतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल मशीनमध्ये बऱ्याच प्रमाणात धुतली जातात, ॲम्लोडिपिन जात नाही. पाणी काढताना ज्यांचं बीपी पडतं, त्यांना सकाळची गोळी नंतर घ्यायला सांगतात. पण कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. बीपी पडण्याचं आणि पायात गोळे येण्याचं एक मोठं कारण गोळीत नसून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वाढलेल्या वजनात असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन-चार किलो चार तासांत ओढून काढायचे म्हटले की शरीर तक्रार करणारच.

‘शुगर नॉर्मल आली, मधुमेह बरा झाला’ हा आनंद मात्र घातक. किडनी इन्शुलिन मोडते. ती थकली की तेच इन्शुलिन जास्त वेळ अंगात राहतं आणि साखर एकदम खाली जाते. इन्शुलिनचा डोस कमी करायला हवा, याची ती खूण असते. मेटफॉर्मिन तर डायलिसिसवर चालतच नाही.

‘किडनी गेलीच आहे, आता पेनकिलरने काय बिघडणार?’ बिघडतं. उरलीसुरली लघवी होत असेल तर तीही जाते, आणि पोटात रक्तस्रावाची भीती असते, विशेषतः डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात तेव्हा.

ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातल्या फेरीनंतरचं शहाळं निरोगी माणसाला उत्तम. डायलिसिसवाल्याला मात्र त्यातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठही तसंच. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. कमरख तर तोंडालाच लावू नका, त्याने उचकी, भ्रम, झटकेही येतात.

मानेत डायलिसिसची नळी (कॅथेटर) असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, रक्तही काढू द्यायचं नाही. रोज सकाळी बोटांनी तिथली थरथर तपासा. ती थांबली तर लगेच केंद्राला फोन करा.

आणि सर्दी-खोकला असो की दाढदुखी, केमिस्टच्या काउंटरवर किंवा नव्या डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हेच बोला: ‘मी डायलिसिसवर आहे.’ अँटिबायोटिकचा डोस आणि वेळ, दोन्ही त्यावर ठरतात.