आईच्या हाती मानसशास्त्र

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ म्हटले की शाळेतली एक खोली डोळ्यांपुढे येते. टेबल, चाचण्यांचा संच, समोर बावरलेले मूल आणि शेवटी फायलीत जाणारा अहवाल. इंग्लंडमध्ये या व्यवसायाची सुरुवात १९१३ साली झाली. लंडन काउंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना नेमले, ते मुख्यतः शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. शंभर वर्षे उलटली तरी अहवाल काही सुटलेला नाही. २०१४ च्या कायद्याने तिथल्या विशेष गरजांच्या मुलांचा आराखडा जन्मापासून पंचविशीपर्यंत लागू केला. तो वीस आठवड्यांत पुरा करायचा आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचे लेखी मत घ्यायचे, हे बंधनकारक आहे. साहजिकच या मंडळींचा मोठा वेळ लिहिण्यात जातो.

पण या व्यवसायाने केलेले सर्वांत मोलाचे काम, माझ्या मते, शाळेत झालेच नाही. ते लोकांच्या घरात, जमिनीवर बसून झाले. त्याचे नाव पोर्टेज.

पोर्टेज हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले एक छोटे गाव. आसपासचा मुलूख शेतीचा, घरे लांब लांब. विकासात मागे पडलेल्या लहान मुलांना रोज एखाद्या केंद्रात आणणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून १९६९ साली तिथे सरकारी निधीतून वेगळी योजना उभी राहिली. कार्यकर्ता आठवड्यातून एकदा दीड तास घरी जाणार आणि शिकवणार आईवडिलांना. मुलाला शिकवायचे ते आईवडिलांनी.

या पद्धतीची तपासणी-यादी ५८० कौशल्यांची आहे, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची. मूल आज काय करू शकते ते तिच्यावरून पाहायचे आणि लगतची पुढची पायरी निवडायची. समजा, मुलाला चड्डी घालता येत नाही. मग आईने ती जवळजवळ पूर्ण चढवायची आणि कमरेपाशी शेवटचे ओढणे तेवढे मुलाकडे ठेवायचे. ते जमले की गुडघ्यापासून वर. असे शेवटाकडून मागे येत येत मूल पूर्ण कृती शिकते, आणि प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा आनंद त्याचाच असतो. कार्यकर्ता आधी स्वतः करून दाखवतो, मग आईला करायला लावून पाहतो, आणि एक साधा तक्ता घरी ठेवून जातो. त्यावर रोजची खूण करायची. पुढच्या भेटीत तक्ता पाहायचा.

आठवडाभरात जमले नाही तर? मला या पद्धतीतली सर्वांत माणुसकीची गोष्ट इथे दिसते. दोष मुलाचा धरायचा नाही, आईचाही नाही. निवडलेली पायरी मोठी होती, ती आणखी लहान करायची. ‘तुमचे मूल मंद आहे’ हे ऐकून घरी परतलेल्या आईसाठी हा केवढा फरक असेल!

१९७६ च्या सुमारास ही पद्धत ब्रिटनमध्ये विंचेस्टर आणि दक्षिण ग्लॅमॉर्गनला पोचली, आणि तिथल्या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी ती उचलून धरली. घरोघर जाणाऱ्यांत परिचारिका होत्या, शिक्षिका होत्या, स्वयंसेवकही होते. मानसशास्त्रज्ञ त्यांना तयार करायचे आणि आठवड्याच्या बैठकीत अडलेल्या मुलांवर त्यांच्याबरोबर विचार करायचे. एका तज्ज्ञाचे ज्ञान असे कितीतरी घरांत पोचले. पुढे तिथे तक्त्यांचा काटेकोरपणा कमी झाला आणि खेळ वाढला, तेही योग्यच झाले.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. शिकवण्याचा भार शेवटी आईवरच पडतो. दिवसभर मजुरी करून, पाणी भरून दमलेल्या बाईला आणखी एक तक्ता देणे अन्यायाचे ठरू शकते. तेव्हा वडील, आजी, मोठी बहीण यांनाही धरून बसवायला हवे, आणि शिकवणे आंघोळीत, जेवणात, कपडे घालण्यातच मिसळायला हवे. वेगळा वेळ मागणारी पद्धत गरिबाच्या घरात टिकत नाही.

घरापर्यंत जाण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखले होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे, आणि मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता व विकासातला विलंब वेळेत शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोही पालघरमधूनच. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात आणि गरज पडल्यास त्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. तिथे मानसशास्त्रज्ञाचे पद धरलेले आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून मुलाला कडेवर घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि असे दर आठवड्याला कोणाला परवडणार?

मार्ग त्याच व्यवस्थेत आहे. अंगणवाडी ताई त्या पाड्यातलीच असते, तिला घर माहीत असते, आईची बोली माहीत असते. पर्यवेक्षिका ताईंची मासिक बैठक घेतातच. केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञाने महिन्यातला तो एक दिवस बैठकीत घालवावा, दोन-तीन मुलांची पुढची पायरी ताईंबरोबर ठरवावी, पुढच्या महिन्यात काय झाले ते विचारावे. मात्र हे काम ताईंच्या नोंदवह्यांच्या ढिगावर वरून टाकू नये. त्याचे वेगळे मानधन द्यावे आणि एखादी नोंदवही आधी कमी करावी.