आधी रेंज, मग रिचार्ज

संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी फोन लागायचा तो फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. आई भर पावसात छत्री घेऊन तिथं उभी! मुंबईत त्याच कंपनीची रेंज फुल्ल, म्हणून मीच हौसेनं तिला ते सिम दिलं होतं. शेवटी शेजारच्या काकूंचा फोन मागून माजघरातून बोलून पाहिलं, तेव्हा कुठे कंपनी ठरली. स्वस्ताईचं गणितही फसवं: २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. कंपनी बदलली तरी नंबर मात्र तोच राहतो. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. फक्त सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि बिल थकलेलं नको.