लुटीचा माल आणि गहाणाची वस्तू: कपड्यांचे स्पॅनिश शब्द

वस्त्रांसाठी स्पॅनिशमध्ये ‘रोपा’, ‘प्रेन्दा’, ‘बेस्तीदो’ आणि ‘त्राहे’ हे शब्द नित्याच्या वापरात असून कोशात त्यांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसत असले, तरी एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. ‘रोपा’ हे समूहवाचक नाम आहे. मराठीत ‘एक धान्य, दोन धान्ये’ असे म्हणून दाणे मोजता येत नाहीत, तसेच ‘रोपा’ने कपडे मोजता येत नाहीत, आणि एकच नग सांगायचा असेल तेव्हा ‘प्रेन्दा’ म्हणावे लागते. दोरीवर वाळत घातलेले सगळे धुणे ‘रोपा’ असते, पण त्यातल्या लोकरी सदऱ्याच्या आतील पट्टीवर धुण्याविषयीची जी सूचना छापलेली असते, तिच्यात त्या सदऱ्याचा उल्लेख ‘प्रेन्दा’ असा होतो. शिवाय ‘रोपा दे कामा’ म्हणजे अंथरूण-पांघरूण, त्यामुळे चादरी आणि अभ्रेही ‘रोपा’तच मोडतात.

या दोन शब्दांची व्युत्पत्ती विशेष लक्षणीय आहे. ‘रोपा’ हा लुटीच्या मालासाठी असलेल्या जर्मानिक शब्दापासून आला असून चोरणे या अर्थाचे ‘रोबार’ हे क्रियापद त्याच कुळातले आहे. ‘प्रेन्दा’चे मूळ लॅटिनमधील ‘पिग्नोरा’, म्हणजे गहाण ठेवलेल्या वस्तू, हे असून स्पेनच्या १८८९ च्या दिवाणी संहितेत जंगम मालाच्या तारणाला हाच शब्द आहे. हातमागाच्या काळात कापड इतके महाग होते, की अंगावरचा कपडा लुटण्याजोगी आणि सावकाराकडे ठेवण्याजोगी मालमत्ता ठरत असे, आणि ती किंमत या शब्दांत टिकून राहिली आहे.

‘बेस्तीदो’ म्हणजे स्पेनमध्ये स्त्रियांचा एकसंध झगा, तर ‘त्राहे’ म्हणजे कोट-पँटचा जोड किंवा विशिष्ट प्रसंगाचा पोशाख, जसा बैलांशी झुंजणाऱ्याचा जरीकामाचा ‘त्राहे दे लुसेस’. वधूच्या पोशाखाला मात्र दोन्ही शब्द चालतात. कोलंबियात पुरुषांच्या सुटालाही ‘बेस्तीदो’ म्हणतात.

अटलांटिकपलीकडे घोटाळा आणखी वाढतो. ‘पोलेरा’ म्हणजे चिलीमध्ये टी-शर्ट, अर्जेंटिनात उंच गळ्याचे स्वेटर. उच्चाराने जवळच्या ‘पोयेरा’चा अर्थ मात्र अर्जेंटिनात स्कर्ट, आणि पनामात भरतकामाने नटलेला स्त्रियांचा राष्ट्रीय पोशाख.