कुकी म्हणजे काय? दुकानाच्या वेबसाइटने दिलेला बिल्ला



मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडली की खाली पट्टी येते, "आम्ही कुकीज वापरतो." आपण ती वाचत नाही, मुलं तर मुळीच नाही. बोट सरळ 'सर्व स्वीकारा'वर जातं. आपण हो म्हणतो ते नेमकं कशाला? आज तेवढंच समजून घेऊ.

एक उदाहरण घेऊ. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. समजा, तिथल्या एका बचत गटाने बिबड्या, उडदाचे पापड आणि केळीचे वेफर्स विकायला छोटी वेबसाइट काढली. पुण्यातली एक ताई ती उघडते, बिबड्यांची दोन पाकिटं टोपलीत टाकते आणि वेफर्सच्या पानावर जाते.

इथेच खरी अडचण येते. वेबसाइटला स्वतःहून काहीच आठवत नाही. प्रत्येक पान म्हणजे तिच्यासाठी नवी मागणी. दुसऱ्या पानावर गेलेली ताई तिला नवीनच गिऱ्हाईक वाटते, म्हणजे टोपली रिकामी!

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर उपाय काढला, तोच कुकी. ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात कशी ठेवायची, या गरजेतूनच तो निघाला.

कुकी काम कशी करते?

सायकल स्टँड आठवा. स्टँडवाला आपला चेहरा लक्षात ठेवत नाही. तो नंबरचा बिल्ला देतो. परत आलो की बिल्ला दाखवायचा, सायकल मिळते. कुकी म्हणजे असाच बिल्ला. वेबसाइट तो देते, आपला ब्राउझर सांभाळतो आणि पुढचं प्रत्येक पान मागताना परत दाखवतो. एका कुकीत साधारण ४ केबी मजकूर मावतो. बऱ्याचदा त्यात फक्त एक लांबलचक नंबर असतो. बाकी नोंद दुकानाच्या वहीत.

काही कुकी ब्राउझर बंद केला की जातात. काहींवर मुदत लिहिलेली असते, त्या महिनोन् महिने राहतात. "पुन्हा लॉगिन करावं लागत नाही" ते यांच्यामुळेच.

कुकी म्हणजे व्हायरस नाही. ती तुमचे फोटो किंवा मेसेज वाचू शकत नाही. मग काळजी कशाची?

बिल्ला कोणाचा, हे पाहा

बचत गटाच्या वेबसाइटवर जाहिरात कंपनीचा छोटा कोड लावलेला असू शकतो. वेबसाइट बनवून देणाऱ्याने तो टाकलेला असतो, गटातल्या बायकांना त्याचा पत्ताही नसतो. हा कोड आपला वेगळा बिल्ला देतो. त्याला 'थर्ड पार्टी' कुकी म्हणतात.

आता विचार करा. त्याच कंपनीचा माणूस बाजारातल्या शंभर दुकानांत बसलाय आणि प्रत्येक ठिकाणी तुमचा तोच बिल्ला बघून वहीत टिपतोय. इथे वेफर्स पाहिले, तिथे मधुमेहाच्या गोळ्या, पुढे दहावीच्या शिकवण्या. नाव न विचारताही घरातलं बरंच काही कळतं! आपल्याकडे तर एकच मोबाइल आई, बाबा आणि मुलं मिळून वापरतात. सगळ्यांचं एकाच वहीत जमा होतं.

सफारी ब्राउझर २०२० पासून अशा कुकी आपोआप अडवतो. क्रोममध्ये मात्र सेटिंगमध्ये जाऊन त्या आपल्याला बंद कराव्या लागतात.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. काही अपवाद सोडले, तर मुलांच्या वावरावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. पण मुलगा आपल्याच मोबाइलवर 'स्वीकारा' दाबत असेल, तर समोरच्याला तो मोठा माणूसच वाटणार.

वर्गात किंवा घरी करून पाहा

१. एखाद्या दुकानाची वेबसाइट लॉगिन न करता उघडा. टोपलीत वस्तू टाका, पान बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा वस्तू तिथेच दिसेल.

२. तीच वेबसाइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. टोपली रिकामी! का, ते मुलांनाच सांगू द्या.

३. कुकीची पट्टी आली की 'नाकारा' किंवा 'फक्त आवश्यक' हा पर्याय शोधा. तो किती लहान अक्षरांत लिहिलाय, तेही बघा. तो दाबूनही खरेदी करता येते का, ते तपासा.

तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाचा छोटा धंदा ऑनलाइन असेल, तर त्यांना एवढं नक्की विचारा, "आपल्या वेबसाइटवर कोणाकोणाच्या कुकी आहेत?" उत्तर येत नसेल, तर वेबसाइट बनवणाऱ्याला विचारून घ्यायला सांगा. जाहिरात करायचीच नसेल तर तो कोड काढून टाकता येतो. टोपलीचा बिल्ला ठेवला, तरी दुकान छान चालतं.