ड्राफ्ट नाही? मग कॅम्पला भेटू!

चंद्रपूरकरांनो, मे महिन्यात तुम्ही काय करता? कूलरसमोर बसता आणि ४५ च्या पुढे गेलेल्या पाऱ्याला शिव्या घालता. पण २०१८ च्या मे महिन्यात तुमच्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं कुठं होती, माहीत आहे का? डायरेक्ट एव्हरेस्टवर! मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. बाप्पा, काय ती टीम!

यातलं कुणीही नावाजलेलं गिर्यारोहक नव्हतं. मोहिमेचं नाव 'मिशन शौर्य'. स्पोर्ट्सच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी अनड्राफ्टेड रुकी, म्हणजे नवखी, मंडळी.

अनड्राफ्टेड म्हणजे? चला अमेरिकेला, व्हिसा नको! तिथल्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दरवर्षी सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू टीम वाटून घेतात. सातही फेऱ्यांत ज्याचं नाव पुकारलं जात नाही तो अनड्राफ्टेड. तरी खेळ खल्लास नाही. टीम त्याला उन्हाळी कॅम्पला बोलावू शकते. कॅम्पात डोकी ९०, सीझनच्या यादीत जागा ५३. उरलेल्यांतले काही सराव पथकात, बाकीच्यांनी बॅग भरायची.

आणि ही बॅग भरायला सांगणाऱ्या माणसालाही नाव आहे, माहीत आहे का? 'द टर्क'! छाटणीच्या दिवशी तो दारात येतो आणि ठरलेला डायलॉग मारतो: कोचनं बोलावलंय, येताना प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. दहावीच्या निकालादिवशी 'पप्पांनी बोलावलंय' ऐकल्यावर पोटात येतो ना, सेम तोच गोळा.

कर्ट वॉर्नरलाही हा गोळा आला होता. १९९४ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव नाही, कॅम्पमधूनही नारळ. मग गडी आयोवातल्या एका किराणा सुपरमार्केटात रात्रपाळीला लागला. काम फळ्यांवर माल लावायचं, पगार ताशी साडेपाच डॉलर. जानेवारी २००० मध्ये हाच वॉर्नर सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आधी शेल्फवर डबे, मग शेल्फवर ट्रॉफ्या!

ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी निवडला जाणारा? त्याला चक्क 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात. १९७६ पासून कॅलिफोर्नियात त्याचा जंगी सत्कार होतो आणि ट्रॉफी मिळते, जिच्यावरच्या खेळाडूच्या हातून बॉल निसटतोय! २०२२ चा शेवटचा, २६२ व्या नंबरचा ब्रॉक पर्डी मात्र दोन वर्षांत सुपर बोल खेळला. बिनकामाचा म्हणे!

परत चंद्रपूरच्या जंगलात येऊ. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या 'मिशन शौर्य'चं ट्रेनिंग ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं. रूट बघा: वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह. शेवटच्या यादीत नावं दहा, त्यातली पाच जणं शिखरावर पोचली. माझ्या मते त्या यादीत नाव लागणं हीच अर्धी चढाई होती. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, एव्हरेस्ट ८,८४८. नुसती वजाबाकी केली तरी दम लागतो.

वर नेमकं काय करावं लागतं, माहीत आहे का? बर्फात एक दोर ठोकलेला असतो. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला जुमार त्या दोरावर वर सरकतो, खाली सरकत नाही. काही अंतरावर दोर संपतो आणि दुसरा सुरू होतो. तिथं आधी नव्या दोरात हूक अडकवायचा, मगच जुना सोडायचा. हे सगळं जाड हातमोज्यांत, अंधारात, समुद्रकिनाऱ्याच्या एक तृतीयांश ऑक्सिजनवर. क्रम चुकला तर इथं टर्क येत नाही, डायरेक्ट दरी येते.

शेजारच्या तेलंगणाची मालावत पूर्णा आठवते? २५ मे २०१४ ला, चौदावं वर्षही पूर्ण झालेलं नसताना, ती एव्हरेस्टवर पोचली. तेलंगणा राज्य जन्मलं २ जूनला. म्हणजे पोरगी राज्याच्या आठ दिवस आधीच टॉपला!

आता आकड्यांचा गेम. एनएफएलचा आकडा ५३, तर गडचिरोलीचा ६०! जिल्हा पोलिसांचं सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं तेव्हा त्यात साठ कमांडो होते, भरती स्थानिक तरुणांची. पुढं पथक कितीतरी मोठं झालं, नावातला आकडा मात्र जागचा हलला नाही. रोस्टरचा आकडा हेच टीमचं नाव, असं आणखी कुठं दिसतं का?

झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा कबड्डी, रात्री नाटक, झोप ऑप्शनल. तिथल्या चढाईबहाद्दरांनो, प्रो कबड्डीत लिलावाची वाट न बघता टीम 'न्यू यंग प्लेअर' म्हणून नवख्यांना घेतात. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार याच दारानं पुणेरी पलटणमध्ये शिरला. १ मार्च २०२४ ला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवलं आणि पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. कॅप्टन कोण? अस्लमच!

नाटकाचाही ड्राफ्ट असतो बरं का! वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावोगावची मंडळं तिथं जाऊन, कुठला नट, कुठली नटी हे बघून प्रयोग बुक करतात. इथले सिलेक्टर म्हणजे रात्रभर जागणारं पब्लिक. याच रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

जाता जाता जिवती तालुका. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरची इथली १४ गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात. एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात दोन्हीकडच्या शाळा. कुठल्याच टीमनं न उचललेले रुकी बघितलेत ना? इथली माणसं म्हणजे दोन्ही टीमनी साइन केलेले प्लेअर. रोस्टर लॉक व्हायचाय अजून.